नगाऱ्याचें कातडें उतरविलें त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि उशिरां कां होईना पण ह्या देहीं जी लाज उपजली तिजलाही नमन असो. शके सोळाशें एक्याऐंशी, प्रमाथीनाम संवत्सर, माघ मास, ते समयीं खाडीचे दक्षिण तीरीं आमचें राज्य आणि उत्तर तीरीं शेजारचें राज्य, ऐशीं दोन चिमुकलीं राज्यें नांदत होतीं. दर्यावरून गलबतें आलीं तर आमचे टेकडीवरून दिसावीं आणि घाटावरून घोडेस्वार उतरले तर त्यांचे टेकडीवरून दिसावे, म्हणोन सात पिढ्यांची चाल ऐशी होती कीं ज्यास दिसेल त्याणें नगारा वाजवावा आणि दुसऱ्याणें लेंकरें घेऊन रानांत जावें. आमचे आज्यापणज्यांचे वेळीं त्यांचा नगारा दोनदां वाजला आणि आम्ही वांचलों, हें आमचे दरबारीं सर्वांस ठाऊक होतें. मग त्या वर्षीं दर्यावरली पातशाही आणि घाटावरली पातशाही यांची जुंपली, आणि दोन रेड्यांचे टकरींत झुडुपाचें जें व्हावें तें आमचें होऊं लागलें. दर्याकडील वकील आले, ते बोलिले कीं, "शेजाऱ्यांनीं घाटवाल्यांस दाणावैरण दिली, त्यांचें पारिपत्य करणें आहे, आमचीं गलबतें खाडींत शिरतील तेव्हां नगारा वाजला तर तुमचें बंदर आधीं जाळूं." मग चौथे दिवशीं घाटाकडील वकील आले, ते बोलिले कीं, "नगारा न वाजला तर तुम्ही दर्यावाल्यांचे, हें समजोन घेऊं." महाराज घाबरे जाहले, दोन दिवस अन्न गोड लागेना, आणि आम्हांस हुजूर बोलावून म्हणों लागले, "चिटणीस, धरलें तर चावतें, सोडलें तर पळतें. कांहीं तोड काढा."

तोड म्यां काढिली. म्यां अर्ज केला कीं नगाऱ्याचें कातडेंच उतरवावें. दर्यावाल्यांस लिहावें, तुमचे खातर मौन राखिलें. घाटवाल्यांस लिहावें, कातडें फाटलें, नाइलाज जाहला. महाराज प्रसन्न होऊन आपले खांद्यावरील शेला आमचे खांद्यावर घालते जाहले, आणि सारा दरबार म्हणाला, वाहवा, साप मेला आणि काठीही मोडली नाहीं. शेजाऱ्यांस कळवावें काय, ऐसें एकानेंही पुसलें नाहीं. म्यांही पुसलें नाहीं.

टेकडीवर येसबा नगारची राहात असे. त्याची लेंक गोजरा उत्तर तीरीं दिली होती. त्यास हुकूम सांगितला, तो कातड्यावरून हात फिरवून म्हणाला, "पंत, हें तर शाबूत आहे. गेल्या दसऱ्यास नवें चढविलें."

आम्ही म्हणालों, "येसबा, चार दिवसांची गोष्ट. पुन्हां चढवूं."

तो म्हणाला, "मग तुम्हीच सोडा. माझे हातून नाहीं होणार."

मग म्यां खालीं बसोन कातडें आवळणारी एकेक चामड्याची वादी सोडिली आणि कातडें गुंडाळून कांखेंत मारून वाड्यावर आणिलें.

तिसरे दिवशीं सकाळींच, उन्हें चांगलीं वर आलीं असतां, सतरा गलबतें खाडींत शिरलीं. आमची सारी रयत धक्क्यावर उभी राहोन पाहात होती. येसबा उघड्या भांड्यावर मुठी आपटीत राहिला, परंतु तो नाद टेकडीखालींही उतरेना. उत्तर तीरीं एका कोळणीस वळणापलीकडे डोलकाठ्या दिसल्या, तिणें ओरड केली, तों लोक म्हणाले, अगे, नगारा कुठें वाजला, मिठाचीं गलबतें असतील; आणि आपापले कामीं लागले. आमचेवर त्यांचा भरंवसा इतका होता. दोन प्रहरीं धूर दिसों लागला, तो सांजेपर्यंत दिसला.

दुसरे दिवशीं उत्तर तीरावरून मचव्यांतून माणसें आलीं, थोडींच आलीं. त्यांत गोजरा होती. तिचा दादला गेला, सासू गेली, पदर अर्धा जळाला होता. येसबा धक्क्यावर उतरला. आम्ही पांच हातांवर होतों, शेला खांद्यावर होता.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही टेकडीवर नव्हतां काय?"

तो म्हणाला, "होतों." आणि चिंध्या बांधलेले हात त्याणें पाठीमागें घेतले.

तिणें आणिक कांहीं पुसलें नाहीं. पुसती तर येसबा आमचेकडे बोट दाखविता, आणि तें बरें होतें, ऐसें आतां वाटतें. त्याणें दाखविलें नाहीं, म्यांही तोंड उघडिलें नाहीं. घरीं येऊन आम्ही जेवलोंसुद्धां. हें लिहितां मेल्याहून मेल्यासारखें होतें.

मग दोन्ही पातशाह्यांकडून महाराजांस मानाचीं वस्त्रें आलीं. कातडें परत चढविलें. येसबाणें नगारा वाजवायचीं टिपरीं आमचे दारांत आणोन ठेविलीं आणि लेंकीस घेऊन मुलूख सोडून गेला. आतां ऐकतों, वैरण सरली म्हणोन घाटवाले स्वार आमचेकडे निघाले आहेत. रयत सारा दिवस उत्तरेकडे कान लावून बसते. तिकडे नगारा जळाला, आणि वाजविणारा कोणी उरला नाहीं.

तात्पर्य, आमचें राज्य कोणाचेही बाजूस न जातां राखिलें गेलें. बखरींत "कातडें फाटलें होतें" ऐसें लिहावें, ऐशी आज्ञा आहे. कातडें फाटलें नव्हतें. वाद्या म्यां सोडिल्या.