मोडक मास्तरांचं ऊन

सांगलीत माणसांचे फोटो काढणारे चार-पाच जण होते आणि चिंतामण मोडक मास्तरांना त्या सगळ्यांची मनापासून कीव यायची. मागं पडद्यावर रंगवलेला ताजमहाल, पुढं खुर्ची, खुर्चीत कोट घातलेला कुणीतरी घाबरलेला इसम. यात कला ती कसली? मास्तर स्वतः शाळेत चित्रकला शिकवत. म्हणजे टेबलावर मडकं ठेवून ते मुलांना काढायला सांगत आणि आपण खिडकीबाहेर बघत बसत. सत्तेचाळीस सालच्या संक्रांतीला त्यांनी घरात जाहीर करून टाकलं, की आपण यापुढं माणसांचे फोटो काढणार नाही, देखाव्यांचेही नाही. आपण फक्त उन्हाचा फोटो काढणार.

त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई तीळ निवडत होत्या. "यापूर्वी तरी माणसांचे कुठं काढलेत?" एवढंच त्या म्हणाल्या. कॅमेरा येऊन तीन वर्षं झाली होती आणि घरातल्या एकाही माणसाचा फोटो भिंतीवर नव्हता.

या उन्हाच्या वेडाचं मूळ एका इंग्रजी मासिकात होतं. त्यात कुठल्याशा परदेशी जंगलाचं चित्र आलेलं. उंच झाडांमधून उन्हाचे झोत खाली उतरलेले, देवळात दगडी खांब असावेत तसे. मास्तर ते चित्र आठवडाभर शाळेच्या पिशवीत घेऊन फिरले. मार्चमध्ये पुण्याला छायाचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि तिथं पहिलं बक्षीस आपल्यालाच आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आता फक्त फोटो काढायचा राहिला होता.

त्यांचा कॅमेरा म्हणजे लाकडी तिपाईवर बसवलेली भात्याची पेटी. मागं काळं कापड, आत काचेच्या प्लेटा. कापडात डोकं घातलं की दुधी काचेवर सगळं जग उलटं दिसायचं. मास्तरांना ते तसंच बरं वाटायचं. पहिल्यांदा ते ऊन पकडायला पाचगणीला गेले. तीन दिवस धुकं हटलं नाही, आणि प्लेट धुतल्यावर तिच्यावर ओलं धोतर वाळत घातल्यासारखं काहीतरी उमटलं. मग विश्रामबागेत एका चिंचेखाली झोत सापडले, पण मास्तर कापडाखालून प्लेट सरकवेपर्यंत ढग आला. लढाईपासून प्लेटा मिळणं मुश्कील झालेलं. होता होता तीनच उरल्या.

या दोन पराभवांतून मास्तरांनी एक शोध लावला. नुसत्या स्वच्छ हवेत उन्हाचे झोत दिसतच नाहीत. हवेत धूर नाहीतर धूळ पाहिजे. हा शोध त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दोन-दोनदा ऐकवला. शेवटी पळूसकडचा जोतीराम, जो शाळेतल्या शिपायाचा मेहुणा होता आणि गूळ विकायला सांगलीला यायचा, त्यानंही तो ऐकला.

"आमच्या राईत या की," जोतीराम म्हणाला. "रोज सकाळी आंब्यातनं ऊन असं खाली येतंय, की हातात धरावं."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मास्तर जोतीरामच्या घरी मुक्कामाला गेले. लाल कागद लावलेला कंदील आणि प्लेटा धुवायची औषधंही बरोबर घेतली. पहाटे उठून राईत तिपाई उभी केली. सूर्य आला, ऊनही आलं, पण ते नुसतंच जमिनीवर येऊन पडलं. झोत म्हणावं असं काही नव्हतं. हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती.

शेजारच्या शेतात धुळा धनगराची मेंढरं खतासाठी बसवलेली होती. दीडशे मेंढरं, काळीभोर. मास्तरांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि त्यांना मेंढरं दिसलीच नाहीत. त्यांना सहाशे पाय दिसले, आणि त्या पायांनी उडणारी धूळ.

धुळाला त्यांनी सांगितलं, की कळप राईतून एकदा पळवत ने. धुळा तयार होईना. राईच्या पलीकडं लालासाहेब जमादारांचा ऊस नुकताच तुटून गेला होता आणि खोडव्याला कोवळे फुटवे आले होते. मेंढरं आत शिरली तर लालासाहेब आपल्याला जिता सोडायचे नाहीत, असं त्याचं म्हणणं. लालासाहेब पलटणीतून पेन्शनीत आले होते, तरी पलटण त्यांच्यातून गेली नव्हती.

"जबाबदारी माझी," मास्तर म्हणाले. हे वाक्य ते शाळेत कधी बोलत नसत.

पहिल्या खेपेला मेंढरं पळालीच नाहीत. ती शिस्तीत आली आणि कॅमेऱ्यापुढं उभी राहून भाता हुंगू लागली. गडबडीत मास्तरांच्या हातून बटण दाबलं गेलं आणि एका मेंढीचं नाक, तेवढंच, पहिल्या प्लेटेवर गेलं. दुसऱ्या खेपेला मास्तरांनी धुळाला जोरात हाकायला सांगितलं आणि स्वतः कापडात शिरले. कळप धावत आला. पुढच्या एडक्यानं समोर पाहिलं, तर तीन लाकडी आणि दोन माणसाच्या पायांवर उभं असलेलं, काळ्या अंगाचं, एका डोळ्याचं जनावर. वर ते जनावर ओरडलं, "शाबास!"

एडका उधळला आणि त्याच्यामागं सगळा कळप. राईत धुळीचा लोट उठला आणि त्या लोटातून उन्हाचे नऊ झोत खणखणीत उभे राहिले. दुधी काचेवर मास्तरांना मेंढरं आभाळातून धावताना दिसली आणि खालून वर झोत निघालेले दिसले. त्यांनी श्वास रोखून प्लेट घेतली. आयुष्यात इतका आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता. ते कापडाबाहेर आले तेव्हा राई रिकामी होती. जोतीराम डोक्याला हात लावून बसला होता आणि उसाच्या शेतातून लालासाहेबांचा आवाज येत होता.

तासाभरात मेंढरं कोंडवाड्यात गेली आणि माणसं चावडीवर. लालासाहेबांचं म्हणणं, धुळानं पहाटे मुद्दाम चोरून चारलं. धुळाचं म्हणणं, मास्तरांनी सांगितलं म्हणून हाकली आणि ती बुजली. पोलीस पाटील आकाराम यांनी मास्तरांना विचारलं. आता खरं सांगावं, तर प्लेट अजून धुवायची होती, आणि हे लोक आपल्यालाही अडकवून ठेवतील अशी मास्तरांना धास्ती. ते म्हणाले, की आपण कापडाखाली होतो, आपल्याला काही दिसलं नाही. हे बोलताना त्यांनी धुळाकडं पाहायचं टाळलं.

"त्यांनी न्हाई बघितलं तर त्या पेटीनं बघितलंय," जोतीराम मध्येच म्हणाला.

पाटलांना हे पटलं. पेटीची साक्ष घ्यायची ठरली. जोतीरामच्या बिनखिडकीच्या खोलीत, लाल कंदिलाच्या उजेडात, काथवटीत औषध ओतून मास्तरांनी प्लेट धुतली. नऊच्या नऊ झोत आले होते. भर दुपारी ओली काच दोन्ही हातांनी धरून ते चावडीवर आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गुन्ह्याची छाया औषधालाही नव्हती.

पाटलांनी काच उजेडाला धरली. बराच वेळ पाहिली. मग लालासाहेबांनी पाहिली, मग धुळानं.

"ही माझी मेंढरं न्हाईत," धुळा सरळपणानं म्हणाला. "माझी काळी हायती. ही समदी पांढरी."

पाटलांनी पुन्हा पाहिलं. मेंढरं खरोखरच पांढरी होती. आभाळ काळं होतं. मास्तरांनी घाईघाईनं समजावलं, की मुळात काचेवर सगळं उलटं येतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, कागदावर छापलं की सरळ होतं. सगळ्यांनी ते सभ्यपणे ऐकून घेतलं.

"मग ह्यात ऊन कुठं हाय म्हणायचं?" लालासाहेबांनी विचारलं.

मास्तरांनी बोटानं नऊ काळे पट्टे दाखवले. शिकलेल्या माणसाबद्दल वाईट वाटलं तर कसं बोलायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

साक्ष निकामी ठरली. पाटलांनी सांगितलं, की मेंढरं आज कोंडवाड्यातच राहतील, उद्या वर कळवून बघू. धुळा भांडला नाही. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "तिकडं माझ्या तळावर कोकरं हायती सोळा. सकाळपासनं दूध न्हाई त्यास्नी. आया हितं."

कोंडवाड्यातून मेंढ्या ओरडत होत्या. सकाळपासून ओरडत असतील. मास्तरांना त्या आत्ता ऐकू आल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि अखेर उठून उभे राहिले.

"जमादार, मीच सांगितलं त्याला. तो नको म्हणत होता. एडकाही मलाच बुजला."

लालासाहेब त्यांच्याकडं रोखून बघत राहिले. मग त्यांनी पेटीत आणखी किती काचा आहेत ते विचारलं. एक, मास्तर म्हणाले. लालासाहेबांनी पाटलांना सांगून मेंढरं सोडवली आणि शिक्षा फर्मावली: पलटणीत सगळ्यांजवळ घरच्यांचे फोटो असायचे, आपल्याजवळ आईचा एकही नव्हता. म्हातारी पंचाहत्तरीची झाली, आता तरी तिचा फोटो निघायला पाहिजे. आणि उन्हात, तोंड लख्ख दिसेल असा. काळा न्हाई.

मास्तरांनी मान हलवली. मनात म्हटलं, जाऊ दे, एक प्लेट गेली तरी खरी प्लेट हातात आहे. हात रिकामे आहेत हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. पाटलांनी काच ओली आहे असं बघून भल्या मनानं ती कट्ट्याच्या तापलेल्या फरशीवर वाळत ठेवली होती. मास्तर धावले, पण उन्हानं आपलं काम उरकलं होतं. ओला लेप वितळून काचेवरून ओघळला होता आणि नऊ झोत, दीडशे मेंढरं आणि पुण्याचं पहिलं बक्षीस मिळून फरशीवर एक चिकट डाग झाला होता.

"वाळली का?" पाटलांनी आपुलकीनं विचारलं.

लालासाहेबांच्या मातोश्री राहीबाई नवं लुगडं नेसून अंगणात बसल्या. जन्मात पहिल्यांदा फोटो निघत होता. मास्तरांनी सूर्य पाठीशी घेतला, ज्यांची त्यांना कीव यायची ते सांगलीतले चार-पाच जण घेतात तसा, आणि शेवटची प्लेट घेतली.

प्रदर्शनाला त्यांनी काही पाठवलं नाही. विनोदिनीबाईंनी विचारलंही नाही. एप्रिलात लालासाहेब सांगलीला आले तेव्हा राहीबाईंचा फोटो त्यांना चौकटीत बसवून दिला. लालासाहेबांनी तो खिडकीशी नेला. त्यांचे डोळे भरून आल्यासारखे वाटले, आणि मास्तरांना तीन वर्षांत प्रथमच आपल्या कलेचं चीज झालंसं वाटलं. आईचे डोळे मिटलेले होते, कपाळावर आठ्या होत्या, पण त्या राहीबाईच होत्या.

"ब्येस हाय मास्तर," लालासाहेब म्हणाले. मग जरा घुटमळले. "फकस्त ऊन लय आलंय. तेवढं खोडून मिळंल का?"