सबनीसकाकांचे रंगीत शिरे

सबनीसकाका जेवायला बोलावतात आणि जेवण झालं की जीभ बाहेर काढायला सांगतात. पहिल्यांदा मला वाटलं, तब्येतीची चौकशी आहे. तसलं काही नव्हतं. त्यांनी दोन शिरे केले होते, एक निळा, एक लाल. लालमध्ये मेथीची पूड होती आणि मी कुठला जास्त हादडला, ते त्यांना बघायचं होतं.

दोष काकांचा नाही, माश्यांचा. एडमंटनच्या युनिव्हर्सिटीत ते पिकल्या केळ्यांवरच्या त्या चिमुकल्या माश्यांना निळं गोड आणि लाल कडू खायला घालतात आणि मग पोटाचा रंग बघतात. कडू ओळखणारा जीन काढून टाकला की माशी कडूही मिटक्या मारत खाते, हे त्यांनी मला पार्किंग लॉटमध्ये, कडाक्याच्या थंडीत, गाडीवरचा बर्फ खरवडताना समजावलंय. माझे कान बधिर झाले, त्यांचा उत्साह नाही.

माणसांनाही ते माश्यांच्याच पंगतीला बसवतात. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, जोशीवहिनींच्या पंचामृताला कोणी हात लावेना, तर काका सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, डोन्ट टेक इट पर्सनली. लोकांच्या जिभेवर कडू ओळखणारे रिसेप्टर्स असतात." वहिनी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

या हिवाळ्यात काकांच्या बायकोचं, सुमनकाकूंचं, गळ्याचं रेडिएशन सुरू झालं आणि त्यांची चव गेली. आमटी काय, श्रीखंड काय, सगळं सारखंच. त्यांनी खाणंच सोडलं. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर रेडिएशन थांबवावं लागेल. काका रोज नवा पदार्थ करायचे आणि काकूंच्या तोंडाकडे बघत बसायचे.

"अहो, मी माशी नाही," म्हणून काकू ताट सरकवायच्या.

"भुकेली माशी काहीही खाते गं," काका अगदी काकुळतीला यायचे.

परवा मी सूप घेऊन गेले, तर काका कारल्याची भाजी खात होते! या माणसाने उभ्या संसारात घरात कारलं शिजू दिलेलं नाही. घास तोंडात गेला की डोळे गच्च मिटायचे, नाक आकसायचं, मान थरथरायची. समोर काकू खुदुखुदु हसत होत्या आणि हसता हसता वरणभात खात होत्या.

"माझा एक घास, तिचा एक," काका कसंबसं गिळत मला म्हणाले. "डील झालंय आमचं."

काकूंच्या ताटातला भात संपला होता. त्यांनी आपल्या हाताने आणखी वाढून घेतला आणि विचारलं, "अहो, भाजी आहे ना अजून?"

काकांनी कढई जवळ ओढली.