सरलाबाईंच्या नंबराची साखर

माणसे ओळखण्याची कटकट आता संपली, असे डॉक्टर योगेंद्र यांनी पांडेसरा या गिरणवस्तीच्या आरोग्य केंद्रात जाहीर केले. नोंदींतून मधुमेही शोधणे आणि प्रत्येकाच्या काळजीची जबाबदारी कोणावर ते ठरवणे, दोन्ही कामे संगणक करणार होता.

कापड रंगवणाऱ्या डाईंग मिलच्या कामगारांचे रक्त तपासून झाले आणि संगणकाने एकच रुग्ण शोधून काढला : सरलाबाई. बाईंची साखर एकाच सकाळी शंभरही होती आणि साडेचारशेही! वैद्यकशास्त्र हादरवणाऱ्या या देहाच्या दर्शनाला डॉक्टर धावले.

बाई आपल्या खानावळीत भाकऱ्या थापत होत्या.

"तुमची साखर साडेचारशे आहे!"

"मी तर बोटच दिलं नाही, भाऊ."

"संगणक चुकत नाही, बाई! हा नंबर तुमचाच ना?"

"माझाच. पोरांना घरचा नंबर विचारला असेल, त्यांनी जेवतात तिथला दिला!"

मिलच्या पोरांची घरे राहिली खानदेशात. नंबरावरून माणूस ओळखणाऱ्या त्या विद्वान यंत्राने अख्खी पंगत एका बाईत कोंबली होती. साडेचारशेचा खरा धनी मात्र गोळीविना मिलच्या वाफेत उभा होता. डॉक्टरांनी तपासणीची पेटी खानावळीतच मागवली.

संध्याकाळी बाई दारातच उभ्या राहिल्या. "आधी बोट, मग ताट!"

सगळ्यांनी बोटे दिली. पंगतीतला भिकन तेवढा मागे सरकला.

"भूक नाही, मावशी."

"तुला? भूक नाही?"

"मिलमध्ये कळलं तर काम जाईल."

माणूस झिजला की सुटा भाग बदलावा तसा बदलायचा, हा मिलचा शिष्टाचार त्याला पाठ होता. बाईंनी त्याचा हात हळूच हातात घेतला.

"काम जाईल. ताट जाणार नाही. दे बोट."

साडेचारशे त्याचेच निघाले.

गोळ्या सुरू झाल्या. भिकनच्या काळजीची जबाबदारी म्हणून डॉक्टरांनी बाईंचे नाव भरले. संगणकाने ते नाकारले : सदर व्यक्ती स्वतःच रुग्ण आहे. बाईंना रोगमुक्त करण्याचा अधिकार अहमदाबादच्या मुख्य कार्यालयाखेरीज कोणालाच नव्हता! वैतागून डॉक्टरांनी स्वतःचे नाव लिहिले. घरचा नंबर? भाड्याच्या खोलीत एकटे राहणाऱ्या डॉक्टरांनी बाईंचाच नंबर टाकला.

दुसऱ्या दिवशी ते जेवायला आले. पंगतीत शिरा होता. त्यांच्या ताटात फक्त कारले.

"बाई, शिरा?"

"तुमची साखर साडेचारशे. माझ्या मोबाइलवर तुमच्या नावानं आलंय."

"अहो, ती चूक आहे!"

"संगणक चुकत नाही, भाऊ."

शेजारी बसलेल्या भिकनने आपले कारले चावत त्यांच्याकडे मायेने पाहिले.

"खा, साहेब. दोन दिवसांत सवय होते."