अप्पाच्या घरची पोटुशी

गुरलिंगअप्पाच्या घरात महिनाभर मोठ्यानं शिंकायला बंदी होती. एकदा मला शिंक आली, तर अप्पानं हाताला धरून मला अंगणात आणलं. "तात्या, आत पोटुशी हाय, कळत न्हाय का?"

पोटुशी म्हणजे काळी मॉली. बोटाएवढी मासळी.

ज्या घरात कधी अंडं शिरलं नाही, तिथं मासळी शिरली म्हणून गाव हसलं. पारावर एकानं विचारलंच, "अप्पा, रस्सा कधी?"

"तुझ्या तेराव्याला," अप्पा म्हणाला.

मी शेजारी. तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, पण खरं काय ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो. हसणाऱ्यांनी वाचावं.

अप्पाची एकुलती लेक सविता पुण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. अप्पानं खोलीला चुना दिला, बाज नवी विणून घेतली. तर विहीणबाईंचा फोन आला. "तुमच्याकडचं बोअरचं पाणी फार जड. बाळंतिणीला मानवायचं नाही. सविता इथंच राहील."

अप्पाला शिवी दिलेली चालते, पाण्याला नाव ठेवलेलं चालत नाही. त्याच्या घरी पातेल्याला पांढरा थर बसतो, डाळ दोन तास शिजत नाही. अप्पा म्हणतो, डाळीचा दोष.

दुसऱ्या दिवशी अप्पा धाराशिवला गेला आणि काचेची पेटी मांडीवर घेऊन एसटीनं परत आला. "मॉलीची जात अंडी घालत न्हाय तात्या, जिती पिल्लं देती. आपल्या पाण्यात हिचं बाळंतपण करतो आन इहिणीला दावतो!"

आधी तीन आठवडे पेटीत नुसतं पाणी. दुकानदारानं सांगितलेलं, पाणी मुरू द्या, रोज चिमूटभर खाणं टाका, म्हणजे पाणी साफ ठेवणारे जंतू आधीच धरतात. अप्पा मासे नसलेल्या पेटीत रोज खाणं टाकायचा. लोक वाकून वाकून मासे शोधायचे. अप्पा सांगायचा, "यायचेत अजून. तयारी चाललीय."

मग पोटुशी मॉली आली, आणि अप्पाची बायको, म्हणजे आमच्या वैनी, चुकल्या. पाव्हणीला बोअरचं कसं द्यायचं, म्हणून अप्पाच्या माघारी त्यांनी पाणी बदलताना विकतच्या जारचं गोडं पाणी ओतलं. मासळी जागच्या जागी डोलायला लागली. अप्पाचं तोंड उतरलं. दुकानदाराला फोन लावला, तर तो म्हणतो, "काका, हिला जडच पाणी लागतं."

अप्पा तो फोन तसाच हातात धरून गल्लीत निघाला. दारोदार थांबून फोनमध्ये ओरडायचा, "पुन्हा बोल रं, काय लागतं?"

थोडं थोडं बोअरचं घालत त्यानं मासळी ताळ्यावर आणली. आई आपलीच पिल्लं गिळते असं कळल्यावर पिल्लांना लपायला पाणवनस्पतीचा झुपका सोडला. माझ्या शिंकेचा गुन्हा त्याच दिवसांतला.

एका सकाळी एकवीस पिल्लं झाली. अप्पानं चारदा मोजली. मीच म्हणालो, "अप्पा, लाव फोन. आता सोडायचं न्हाय."

त्यानं लावला, मलाही ऐकू येईल असा.

"सविता, एकवीस! आपल्या पाण्यात! सांग तुझ्या सासूला!"

मग ती म्हणाली, "अप्पा, पाण्याचं निमित्त होतं. माझं बीपी लई वाढलंय. डॉक्टर पलंगावरनं उठू देत न्हाईत. तुमी घाबराल म्हणून मीच सासूबाईंना तसं बोलायला लावलं."

मला वाटलं, आता भडकतो. अप्पानं पेटीवरचा दिवा उगीच बंद केला. परत लावला.

"आमी येतो," तो म्हणाला. "उद्याच. ऱ्हायला."

"पण अप्पा, तुमी तर इथलं पाणीसुद्धा पीत न्हाई."

खरं होतं. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हे अप्पाच्या घरातलं जुनं. लग्नानंतर तो एकदाच पुण्याला गेला, घरून बाटली भरून, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. त्याचा शब्द फिरलेला मी पन्नास वर्षांत बघितला नव्हता. कुणी बघितला म्हणत असेल तर त्यानं माझ्यासमोर यावं.

"पिईन," अप्पा म्हणाला. "तू नुसती पडून ऱ्हा."