आधी माशानं येऊन जायचं

ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात तोंड बुडवून मासे पाहायचे असतात, त्यांच्या घरी आधी एक मासा येऊन सगळं पाहून जातो. मालवणाकडच्या एका किनाऱ्यावर तशी पद्धत आहे. होडीवाले रोहिदास तांडेल यांनी फोनवर ती समजावून सांगितली, तेव्हा खामगावच्या सुमित्राबाई वानखडे यांनी एवढंच विचारलं, की मासा रविवारी आला तर चालेल का? त्या दिवशी नळाला पाणी असतं.

सुमित्राबाई बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, तोही चपला हातात घेऊन, घोट्याएवढ्या पाण्यातून. आता खालचं प्रवाळ पाहायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. यजमान दिगंबरराव तयार होते. लेकीनं डोळ्यांवरची काच आणि श्वासाची नळी पाठवली होती. पण एक गोष्ट बाईंनी कोणालाच सांगितली नव्हती. न्हाणीघराला कडी लावून त्या बादलीत तोंड घालून सराव करत, आणि दोन-तीन श्वासांतच छाती धडधडून डोकं वर काढत. मासाच नको म्हणाला तर बरं, असं त्यांना वाटू लागलं होतं.

रविवारी सकाळी गोब्रा आला. हातभर लांब, तपकिरी ठिपक्यांचा, पोक्त मासा. तोंडावर पाण्यानं भरलेली काच, आणि तिची नळी पाठीवरच्या पाण्याच्या कॅनमध्ये सोडलेली. दारातच त्यानं नियम सांगितले. मला हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, आणि आपली रोजची कामं चालू ठेवायची. मग तो छताखाली पालथा तरंगत खाली पाहू लागला. दिगंबररावांनी पंखा बंद केला.

सुरुवातीला दोघंही अवघडली. दिगंबररावांनी लग्नाकार्याचा सदरा घातला होता, तो गोब्र्यानं बदलायला लावला. पुढे मात्र घर आपल्या चालीला लागलं. बाई भाकरी थापायला बसल्या. दिगंबरराव चष्मा सापडत नाही म्हणून बाईंवर करवादले, आणि चष्मा त्यांच्याच कपाळावर निघाला. तव्यावर भाकरी टम्म फुगली, तेव्हा ती नीट दिसावी म्हणून गोब्रा बराच खाली आला.

धगीनं त्याची काच सुटली. पाणी गळू लागलं, आणि तो शेपटी झाडत भिंतीवर आपटू लागला. हात लावायचा नाही म्हणालेत, असं पुटपुटत दिगंबरराव जागीच उभे राहिले. बाईंनी पिठाच्या हातांनीच त्याला धरलं, काच दाबून बसवली आणि तांब्यानं आत पाणी ओतलं.

"भाऊ, घाबरू नका. पाणी आहे," त्या म्हणाल्या. "सावकाश घ्या. मी धरलंय तुम्हाला."

हळूहळू त्याचे कल्ले शांत झाले.

"माझीही पहिलीच वेळ आहे," गोब्रा म्हणाला. "रोज लाटेबाहेर तोंड काढून सराव करायचो. जमायचं नाही. घरी कोणाला बोललो नाही."

"मलाही जमत नाही," सुमित्राबाई म्हणाल्या.

दिगंबररावांनी हे आजच ऐकलं. न्हाणीघरातून भरलेली बादली आणून त्यांनी स्वयंपाकघरात स्टुलावर ठेवली. बाईंनी काच लावली, नळी दातांत धरली आणि तोंड पाण्यात घातलं. दिगंबररावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गोब्रा शेजारी तरंगत राहिला. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, बाहेर भाजीवाला हाक मारून गेला, तरी बाईंचं डोकं वर आलं नाही. नळीतून श्वास एका लयीत येत-जात होता.

संध्याकाळी गोब्र्यानं घर पसंत असल्याचं सांगितलं. तुम्ही कधीही या, आम्ही घरीच असू, असंही म्हणाला. रिक्षा दाराशी आली तेव्हा तो जरा घुटमळला.

"तुम्ही हात लावलात, हे मला तिकडे सांगावं लागेल."

"सांगा की," बाई म्हणाल्या. "त्यावर काय होतं?"

"तुम्ही आलात की आमच्यापैकी कोणीतरी तुम्हाला हात लावेल. फिटंफाट."

सुमित्राबाईंनी थोडा विचार केला. त्यांना ते रास्त वाटलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "फक्त काखेत नको म्हणावं. मला गुदगुल्या होतात."

गोब्र्यानं ते लक्षात ठेवलं आणि तो रिक्षात बसला.