नातेवाइकांसहित शोधा

थळच्या हिरामण म्हात्रेने ठरवलं होतं, की मुलाचं, अल्पेशचं, लग्न आपण जमवायचं नाही. ते वेबसाइट जमवेल!

वेबसाइट त्याचीच. कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्यावर त्याने ती समाजाच्या वधू-वर मंडळासाठी फुकट बांधली होती. बायको गेल्यापासून बापलेक रोज आमटी-भात खात होते, तोही आळीपाळीने करपवलेला. अल्पेशचे केस मागे सरायला लागले होते. पण मंडळाच्या खुर्चीत बसून स्वतःच्याच पोराचं घोडं पुढे कसं दामटायचं? मशीनने दामटलं, तर कोण काय बोलणार!

साइटवर उमेदवारांचं टेबल वेगळं, नातेवाइकांचं वेगळं, आईवडिलांचं वेगळं. टेबल म्हणजे चार पायांचं नव्हे, माहितीचा तक्ता. 'पेण' शोधलं की पेणला राहणारेच यायचे; ज्याचा मामा पेणला तो यायचा नाही. आणि मामा कोण ते विचारल्याशिवाय आपल्याकडे मुलगा बघतं कोण? हिरामणने डोळे फोडून उमेदवार आणि नातेवाईक एकमेकांना जोडले. आईवडिलांचं टेबल जोडायचं तेवढं कंटाळ्याने राहिलं.

रविवारी मंडळाच्या कार्यालयात रेवसच्या कोकिळाबाई आल्या, मागोमाग यजमान रावजी. मुलगी साक्षीसाठी स्थळ हवं होतं.

"एक शब्द सांगा," हिरामण ऐटीत म्हणाला, "मुलगा हजर!"

"दारू."

"अहो, निर्व्यसनी म्हणा!"

"निर्व्यसनी समदेच लिवतात, भाऊ. दारू टाका. त्यात जो येल, तो आपला न्हाय!"

हिरामणने टाकलं. पडद्यावर आलं: अल्पेश, थळ. त्याच्याखाली पुन्हा: अल्पेश, थळ.

"दोनदा!" रावजी म्हणाले. "म्हंजे दुपारी पन घेतो!"

"मामा दारूबंदी समितीचे अध्यक्ष आहेत!" हिरामण कळवळला. "आणि काकांनी दारू सोडल्याचं अभिमानाने लिहिलंय. मशीन नातेवाइकांतही शोधतं ना!"

"बरं. तुरुंग टाका."

अल्पेश, थळ.

"मावशीचे यजमान तिथे शिपाई आहेत हो! नोकरीला!"

"तुमाला लय म्हाईत त्याचं?" कोकिळाबाईंनी डोळे बारीक केले.

हिरामणने घाम पुसला आणि विषय बदलायला स्वतःच 'थळ' टाकलं. थळला अल्पेशचं अर्धं खानदान. प्रत्येक चुलता त्याला हाताला धरून एकदा घेऊन आला. पडदा भरला, तरी अल्पेश येतच राहिला.

"अरे द्येवा! ह्याची लग्नं किती झाली हायत?"

हिरामणने निमूटपणे 'नातेवाइकांसहित शोधा' या चौकटीतली खूण काढली. अल्पेश एकटा उरला. स्वच्छ, निर्व्यसनी, धुतल्या तांदळासारखा.

रावजी पडद्याकडे वाकले. "मामा न्हाय? काका न्हाय? मंग हळदीला पोराला खांद्यावर घेऊन नाचनार कोन? भाड्यानं आनायचं?"

हिरामणने पुन्हा खूण केली. आता त्याला लग्न नको होतं, फक्त चहा हवा होता.

"आपलं रेवस टाका बघू," कोकिळाबाई म्हणाल्या.

अल्पेश, थळ. आत्या: नीराबाई, रेवस.

"अगो बाय! ही तर आपल्या आळीतली नीराबाई! म्हंजे तिचा भाचा तो ह्योच!" कोकिळाबाईंचा चेहरा उजळला. हिरामणचा त्याहून जास्त. करपलेल्या भाताचा वास क्षणभर दूर गेला.

"नीराबाईची मानसं लाखात येक," त्या म्हणाल्या. "पोरगा पसंत हाय आमाला. पन तिनं मागंच भावाच्या कानावर घातलं व्हतं साक्षीचं. तर त्यानं पोरीचं नाव पन इचारलं न्हाय! निरोप धाडला, 'आधी वेबसाइटवर नोंदणी करा.' सख्ख्या भैनीला! असा शिष्ट मानूस! पयलं त्या बापाला माज्यासमोर उभा करा. चार शब्द ऐकवते, मंग सुपारी फोडू!"

हिरामणला तो निरोप आठवला. फोनवर, तोंडात घास असताना दिलेला.

"कोन हाय हो तो?" रावजींनी खुर्ची पुढे ओढली. "शोधा की. तुमच्या मशीनीत समदं घावतंय ना?"

हिरामणने घसा खाकरला आणि पडदा हळूच आपल्याकडे वळवला.

"वडिलांचं टेबल वेगळं आहे," तो म्हणाला. "ते अजून जोडलेलं नाही."