छापलेले दहा रुपये

आमच्या इंदिरानगरातले खैरनारकाका छापील किमतीपेक्षा एक पैसा कमी द्यायला तयार नसत. वाण्याने बिस्किटाच्या पुड्यावर आठ आणे सोडले की त्याच्यावरच डाफरत, "चार छापलंय ना? मग चार घे! छापलं म्हणजे छापलं!" वाणी बिचारा गुपचूप आठ आणे गल्ल्यात टाकायचा.

काकांची हयात नाशिकरोडला नोटा छापण्यात गेलेली. कागदावर शंभर उमटले की तो कागद शंभराचा होतो, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलेलं. अशा माणसाच्या हातात शेअर पडले आणि झाली की पंचाईत!

शेअर अंबडच्या एका कारखान्याचे. काकांचा नितीन तिथे सुपरवायझर, म्हणून फंडाच्या पैशातून हौसेने घेतलेले. सर्टिफिकेटवर ठळक छापलेलं, दर्शनी किंमत दहा रुपये. भाव पंचवीसवरून सहावर आला तेव्हा कॉलनीतल्या बाकीच्यांनी धडाधड विकून टाकले. काका ढिम्म.

"दहाच्या खाली जाईलच कसा? छापलंय!"

मी अकाउंट्समधला माणूस, माझं डोकंच फिरलं. "अहो काका, ते दहा कंपनीच्या हिशोबापुरते. भांडवल मांडायला काहीतरी आकडा लागतो, म्हणून छापतात. बाजार त्याला हिंग लावून विचारत नाही. आणि कंपनीही तुम्हाला दहा द्यायला बांधलेली नाही."

"मग काय खोटं छापलं?"

"खोटं नाही हो..."

"मग झालं तर!"

आता बोला! कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

सहाला त्यांनी आणखी घेतले. चारला घेतले. "वाण्याकडे सूट चालत नाही, इथे बरी चालते?" मी चिडवलं.

"विकत नाही घेतले, सोडवून आणले," काका म्हणाले.

भाव दोनवर आला तेव्हा काकूंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मग एके दिवशी कारखान्याच्या गेटला टाळंच लागलं. नितीन घरी बसला. अंघोळ नाही, बोलणं नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला.

मला राहवेना. संध्याकाळी गेलो, तर काका एकटेच पायरीवर बसलेले. म्हटलं, "काका, आता तरी ते दहा रुपये विसरा."

"हळू बोला, तो आत जागा आहे," काका पुटपुटले. "कळलं होतं हो मला, तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हाच. पण पोरगं रोज डबा घेऊन तिथे जात होतं. मी विकायला काढले असते तर त्याला काय वाटलं असतं? बापानेच आशा सोडली?"

काकांनी माझा हात धरला. "तुमच्या ऑफिसात बघा ना त्याच्याजोगं काही. शिपायाचंही चालेल. डिप्लोमा झालाय हे सांगूच नका."

आमच्याकडेच माणसं कमी करत होते. कुठली जागा नि कुठलं काय! "बघतो," मी म्हणालो.

काका लगबगीने उठून आत गेले. बाहेर मला त्यांचा आवाज ऐकू आला, "नितीन, ऊठ रे बाळा, तोंड धू. जोशीसाहेब बघतो म्हणालेत."